निरोगी प्रौढांच्या रक्तातील अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वांची सामान्य पातळी कशी ठरवावी?

प्रश्न: पदव्युत्तर_सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. शोधप्रबंधासाठी मार्गदर्शकांनी मला 'निरोगी प्रौढांच्या रक्तातील मेदविद्राव्य जीवनसत्त्वांची सामान्य पातळी' हा विषय सुचवला आहे. ऐकताना तो सरळ वाटला होता. निरोगी माणसे निवडावीत, त्यांचे रक्त तपासावे, मिळालेल्या आकड्यांपैकी सर्वांत खालचे अडीच टक्के आणि सर्वांत वरचे अडीच टक्के बाजूला ठेवावेत आणि मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा 'सामान्य' म्हणून नोंदवावी, एवढेच काम आहे असे मी समजत होते. नैतिक समितीसाठी आराखडा लिहायला घेतल्यावर मात्र अडचणी दिसू लागल्या.

पहिली अडचण ड जीवनसत्त्वाची आहे. आपल्याकडच्या अनेक सर्वेक्षणांत, धडधाकट दिसणाऱ्या लोकांतही ड जीवनसत्त्वाची पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आढळते. समजा, माझ्या नमुन्यात मधल्या ९५ टक्के लोकांची पातळी ८ ते ३५ आली, तर ८ हा आकडा सामान्य म्हणायचा का? आणि तो म्हणायचा नसेल, तर निरोगी माणसे तपासून मी नेमके काय ठरवले?

दुसरी अडचण अशी की, स्थानिक प्रयोगशाळांच्या अहवालांवर छापलेल्या मर्यादा (अ जीवनसत्त्वासाठी ३० ते ८० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, ई साठी साधारण ५.५ ते १७ मिलिग्रॅम प्रति लिटर, ड साठी ३० ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) बहुतेक वेळा परदेशी किटच्या माहितीपत्रकातून किंवा परदेशी पाठ्यपुस्तकांतून घेतलेल्या असतात. त्या आपल्या लोकांना तशाच लावता येतात का? शिवाय 'निरोगी' कोणाला म्हणावे आणि के जीवनसत्त्व या अभ्यासात घ्यावे की वगळावे, याबद्दलही कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त_अध्यापक_पुणे

आपण ८ या आकड्याबद्दल विचारलेला प्रश्न संपूर्ण आराखड्याचा पाया ठरवणारा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

प्रयोगशाळेच्या अहवालात उजव्या स्तंभात जी मर्यादा छापलेली असते, ती दोन अगदी वेगळ्या मार्गांनी आलेली असू शकते आणि ती कोणत्या मार्गाने आली हे अहवालावर लिहिलेले नसते. पहिला मार्ग आपण वर्णन केला तो, म्हणजे निरोगी माणसांमध्ये जे आढळते त्याची नोंद करणे. यातून मिळते ती संदर्भ-मर्यादा. दुसऱ्या मार्गात आधी अपाय शोधला जातो, म्हणजे कोणत्या पातळीखाली हाडे मऊ होतात, रातांधळेपणा येतो किंवा तांबड्या पेशी फुटू लागतात हे पाहिले जाते आणि त्यावरून निर्णय-मर्यादा आखली जाते. सोडियम किंवा हिमोग्लोबिनच्या बाबतीत या दोन रेषा जवळजवळ असतात, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत त्या एकमेकींपासून दूर गेल्या आहेत. कोलेस्टेरॉलचेही असेच झाले होते; निरोगी लोकांतील मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा आज त्यासाठी कोणीही वापरत नाही.

त्यामुळे आपल्या नमुन्यात ८ ते ३५ अशी मर्यादा आलीच, तर ती आपल्या भागातील निरोगी दिसणाऱ्या प्रौढांचे खरे वर्णन असेल आणि शोधप्रबंधात ती तशीच नोंदवावी. मात्र तिच्या खालच्या टोकाला 'पुरेसे' असे म्हणता येणार नाही, कारण पुरेसेपणाचा निकाल हाडे, कॅल्शियम आणि (रक्तातील कॅल्शियम सांभाळणारे) पॅराथायरॉइड संप्रेरक यांच्याकडून घ्यावा लागतो. शक्य असेल तर त्याच नमुन्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड संप्रेरक अवश्य मोजा. ज्यांची ड पातळी १२ च्या खाली आहे त्यांच्यात संप्रेरक चढलेले दिसते का, हे सांगता आले, तर आपला प्रबंध केवळ आकड्यांच्या तक्त्यापुरता राहणार नाही.

आता निर्णय-मर्यादेतील वाद पाहू. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आहारमूल्यांच्या २०११ च्या अहवालात २० नॅनोग्रॅम ही पातळी सुमारे ९७.५ टक्के लोकांच्या गरजेला पुरते असे मांडले आणि सरासरी माणसाची गरज १६ च्या आसपास भागते असे सांगितले. १२ च्या खाली धोका आणि ५० च्या वर संभाव्य अपायाची शंका, असेही त्यात नमूद आहे. त्याच वर्षी तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरी पातळी आणि ३० पासून पुढे पुरेशी, अशी विभागणी जाहीर केली. आपल्या प्रयोगशाळांच्या अहवालांवरचा ३० चा आकडा प्रामुख्याने तिथून आला आहे. एकाच देशातील दोन नामवंत संस्थांनी एकाच वर्षी वेगळे आकडे सांगावेत, याचे मोठे कारण असे की त्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होत्या: पहिली संस्था सबंध लोकसंख्येच्या आहाराचा विचार करत होती, तर दुसरी दवाखान्यात आलेल्या रुग्णाचा.

२० या आकड्याचा एक गैरवापर मुद्दाम सांगतो, कारण मौखिक परीक्षेत परीक्षक तो हमखास विचारतात. २० ही जर जवळजवळ प्रत्येकाला पुरणारी पातळी असेल, तर १८ पातळी असलेल्या बहुतेकांची गरज भागलेलीच असणार. तरीही '२० च्या खाली म्हणजे कमतरता' असे धरून टक्केवारी काढली की निम्म्याहून अधिक समाज आजारी ठरतो. हा आक्षेप २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्या अहवालाच्या समितीतील काही सदस्यांनीच सविस्तर मांडला होता. आपल्याकडची 'अमुक टक्के भारतीयांत कमतरता' अशी शीर्षके वाचताना मला तो नेहमी आठवतो.

एकच पुरावा दोन बाजूंनी कसा वाचता येतो, याचे उदाहरण जर्मनीतील हॅम्बुर्गचे आहे. तिथे ६७५ मृत व्यक्तींच्या हाडांचे नमुने आणि ड जीवनसत्त्वाची पातळी तपासण्यात आली आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ३० नॅनोग्रॅमच्या वर पातळी असलेल्या एकाही व्यक्तीच्या हाडांत खनिजांचा ठळक अभाव दिसला नाही, म्हणून लेखकांनी ३० ची शिफारस केली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने तीच आकडेवारी पाहून म्हटले की २० च्या वरही असे दोष एक टक्क्याहून कमी लोकांत आहेत, म्हणजे २० पुरेसे आहे. हाडे तीच होती. किती धोका मान्य करायचा एवढ्याच बाबतीत मतभेद होता.

'भरपूर ऊन मिळणाऱ्या निरोगी माणसाची पातळी तीच नैसर्गिक' असाही एक युक्तिवाद आहे. हवाई बेटांवरील होनोलुलू येथील ९३ तरुणांच्या अभ्यासात आठवड्याला सरासरी सुमारे २९ तास उन्हात असूनही पातळीची सरासरी ३१.६ नॅनोग्रॅमच आली आणि ५१ टक्के लोक ३० च्या खालीच होते. उलट टांझानियातील मसाई आणि हाड्झा लोकांत पारंपरिक राहणीमध्ये सरासरी ११५ नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे जवळपास ४६ नॅनोग्रॅम, आढळली. (नॅनोग्रॅमच्या आकड्याला सुमारे २.५ ने गुणले की नॅनोमोल मिळतात; परदेशी लेख वाचताना एकक आधी पाहावे.) तेव्हा 'निसर्गाने ठरवलेली पातळी' असा एकच आकडा ऊनही देत नाही.

'निरोगी' ठरवण्याचे निकष नमुना घेण्यापूर्वीच लेखी असले पाहिजेत. अहवाल पाहून माणसे वगळणे म्हणजे हवा तो निकाल तयार करणे होय. यकृत, मूत्रपिंड, आतडे आणि थायरॉइड यांचे विकार, गरोदरपण, अलीकडचा ताप किंवा संसर्ग, नियमित मद्यपान, अपस्माराची औषधे आणि वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारे औषध) हे वगळण्याचे नेहमीचे निकष आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांचीही स्वतंत्र नोंद हवी, कारण त्यांतील इस्ट्रोजेनमुळे अ जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन वाढते आणि पातळी वर गेलेली दिसते. आपल्याकडे आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो तो ६०,००० युनिटच्या ड जीवनसत्त्वाच्या पुडीचा. 'कोणते औषध चालू आहे का?' असे विचारल्यावर लोक 'नाही' म्हणतात आणि 'आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पावडर?' असे विचारल्यावर 'हो, ती घेतो' म्हणतात. प्रश्नावलीत पुडीचे चित्रच छापा. त्याचप्रमाणे घरात येणारे तेल आणि दूध अ व ड जीवनसत्त्वांनी पोषणवर्धित आहे का, हे पाकिटावरच्या चिन्हावरून नोंदवा. पोषणवर्धित तेल खाणाऱ्यांना वगळण्याचे कारण नाही, कारण तो आता अनेकांचा रोजचा आहार आहे. फक्त नोंद असावी.

उत्तर: विश्लेषक_नाशिक

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. प्रत्यक्ष मोजमाप आणि विशेषतः अ व ई जीवनसत्त्वांबद्दल काही भर घालतो, कारण माझे रोजचे काम एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या) यंत्रावरचे आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की ही चार जीवनसत्त्वे एका गटात मोडत असली, तरी रक्तातील त्यांच्या प्रमाणात प्रचंड तफावत आहे. एक मिलिलिटर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) ई साधारण १०,००० नॅनोग्रॅम, अ सुमारे ५००, ड वीस-पंचवीस आणि के एका नॅनोग्रॅमहूनही कमी असते. म्हणून 'चारही एकाच पद्धतीने मोजू' असे आराखड्यात लिहू नका. अ आणि ई एकत्र मोजता येतात: सीरममधील प्रथिने इथेनॉलने साकळवायची, हेक्झेनमध्ये जीवनसत्त्वे उतरवून घ्यायची, हेक्झेन नायट्रोजनच्या झोताखाली उडवायचे आणि उरलेला अंश पुन्हा विरघळवून स्तंभावर सोडायचा. रेटिनॉल (अ चे रक्तातील रूप) ३२५ आणि टोकोफेरॉल (ई चे रूप) २९२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर वाचतात. ड साठी एलसी-एमएस (रेणूंचे वस्तुमान मोजणारी पद्धत) किंवा प्रतिपिंडांवर आधारलेले इम्युनोअ‍ॅसे लागेल. के साठी त्याहूनही संवेदनशील व्यवस्था लागते.

अ आणि के प्रकाशात टिकत नाहीत. रक्त घेतल्याबरोबर नळी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळणे, सीरम लवकर वेगळे करणे आणि उणे ७० अंश किंवा त्याहून खाली साठवणे ही शिस्त पहिल्या नमुन्यापासून पाळावी लागते. ड जीवनसत्त्वाचे २५-हायड्रॉक्सी रूप (चाचणीत मोजले जाते ते) त्या मानाने बरेच टिकाऊ आहे. नमुना उपाशीपोटी घ्यावा. ई आणि के मेदकणांवर स्वार होऊन फिरतात, त्यामुळे जेवणानंतर त्यांचे आकडे बदलतात.

ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत केवळ टोकोफेरॉलची मर्यादा देऊन प्रबंध संपवला, तर तो अपुरा राहील. एक उदाहरण देतो. एका व्यक्तीचे कोलेस्टेरॉल २८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि अल्फा-टोकोफेरॉल ६.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. दुसऱ्या व्यक्तीचे कोलेस्टेरॉल १३० आणि टोकोफेरॉल ५ आहे. छापील मर्यादेनुसार पहिली व्यक्ती सामान्य आणि दुसरी कमतरतेची. आता मोलमध्ये रूपांतर करा. पहिलीचे टोकोफेरॉल सुमारे १५.१ मायक्रोमोल आणि कोलेस्टेरॉल ७.२४ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे गुणोत्तर २.१. दुसरीचे ११.६ भागिले ३.३६, म्हणजे सुमारे ३.५. हे गुणोत्तर साधारण २.२ च्या खाली गेले तर कमतरतेचा संशय घेतात. तेव्हा चित्र उलटे झाले: ज्या व्यक्तीला आपण सामान्य म्हटले तिच्या मेदकणांत ई कमी भरलेले आहे आणि दुसरीत ते पुरेसे आहे, फक्त वाहून नेणारे कणच कमी आहेत. एकूण मेदाच्या प्रत्येक ग्रॅममागे ०.८ मिलिग्रॅम टोकोफेरॉल हा निकष हॉर्विट आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सुचवला होता आणि त्यामागेही हाच विचार होता. तेव्हा प्रत्येक नमुन्यात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड मोजणे मी तरी अनिवार्य समजेन.

ई बाबत आपल्या भागाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात अल्फा-टोकोफेरॉल भरपूर असते, तर सोयाबीनच्या तेलात गॅमा-टोकोफेरॉलचा भाग मोठा असतो. यकृतातील वाहक प्रथिन अल्फा रूपाची निवड करून त्याला रक्तात परत पाठवते आणि गॅमा बरेचसे बाहेर टाकले जाते. सोलापूरच्या बाजूला करडईचे तेल खाणारी घरे अजूनही आहेत आणि शेजारीच पाकिटातले सोयाबीन तेल वापरणारी घरेही आहेत. प्रश्नावलीत 'घरात कोणते तेल?' एवढा एक प्रश्न वाढवलात, तर परदेशी मर्यादा इथे का जुळते किंवा का जुळत नाही, हे सांगण्यास आधार मिळेल. एचपीएलसीच्या नेहमीच्या सी-१८ स्तंभावर बीटा आणि गॅमा रूपे एकत्रच बाहेर पडतात, पण अल्फा वेगळे मिळते, त्यामुळे आपल्या कामाला अडचण येणार नाही.

अ जीवनसत्त्वाची अडचण वेगळीच आहे: त्याचे आकडे फार शहाण्यासारखे वागतात. शरीरातील बहुतांश साठा यकृतात असतो आणि यकृत रक्तातील पातळी जवळपास स्थिर ठेवते. यकृताच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण २० मायक्रोग्रॅमच्या खाली साठा उतरेपर्यंत रक्तातील रेटिनॉल फारसे घसरत नाही. म्हणजे आपल्याला एक सुबक, अरुंद मर्यादा मिळेल, पण त्या मर्यादेत बसलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीचे कोठार भरलेले आणि दुसरीचे तळाला गेलेले असू शकते. जागतिक आरोग्य संघटना ०.७० मायक्रोमोल प्रति लिटर, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, याखाली कमतरता मानते, पण तो आकडा मुख्यतः लोकसमूहाचे मूल्यमापन करण्यासाठी आहे. शिवाय सर्दी-तापासारख्या दाहातही रेटिनॉल खाली येते, कारण त्याचे वाहक प्रथिन अशा वेळी घटते. सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) मोजल्याशिवाय रेटिनॉलचा एकही आकडा संदर्भासाठी वापरू नये. मूत्रपिंड निकामी होत असताना तेच प्रथिन साचते आणि रेटिनॉल उगाच वाढलेले दिसते, म्हणून क्रिएटिनिनही हवे.

ड च्या इम्युनोअ‍ॅसेबद्दल दोन सूचना. काही किट ड-२ रूप कमी पकडतात, त्यामुळे ड-२ च्या गोळ्या घेणाऱ्याची पातळी खोटीच कमी दिसू शकते. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांत, बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर आधारलेल्या किटमध्ये ड ची पातळी खोटीच जास्त येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनच्या अशा अडथळ्याबद्दल सर्वसाधारण इशारा दिला होता. किट कोणते वापरले आणि त्याचे प्रमाणीकरण कोणत्या संदर्भ-पदार्थाशी जोडलेले आहे, हे प्रबंधात लिहिल्याशिवाय ८ ते ३५ सारख्या आकड्यांना अर्थ राहत नाही. अ आणि ई साठी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचा एसआरएम ९६८ आणि ड साठी एसआरएम ९७२ या मालिकांतील सीरम उपलब्ध आहेत; महाग आहेत, पण विभागाने एकदा घेतले तर अनेकांच्या उपयोगी पडतात.

उत्तर: वैद्यक_सातारा

मी गेली अनेक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो आणि मला वरील चर्चा उपयुक्त असली तरी थोडी पुस्तकी वाटते. माझ्यासमोर अंगदुखी आणि थकव्याची तक्रार घेऊन आलेली स्त्री बसलेली असते, तिचा अहवाल १४ दाखवतो आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर तिला बरे वाटते. अशा वेळी २० योग्य की ३० योग्य यावर वाद घालण्यापेक्षा ३० ही रेषा पाळणे सुरक्षित आहे असे माझे मत आहे. औषध स्वस्त आहे आणि योग्य मात्रेत अपायही क्वचितच होतो. विद्यार्थिनीने ८ हा आकडा संदर्भ-मर्यादेत छापला, तर उद्या एखादी प्रयोगशाळा तो अहवालावर उतरवेल आणि ९ पातळी असलेल्या रुग्णाला 'सामान्य' म्हणून घरी पाठवले जाईल, ही भीती मला खरी वाटते.

उत्तर: निवृत्त_अध्यापक_पुणे

डॉक्टरसाहेब, आपली शेवटची भीती रास्त आहे आणि म्हणूनच प्रबंधाच्या सारांशात ड ची संदर्भ-मर्यादा आणि निर्णय-मर्यादा शेजारी शेजारी द्याव्यात, पहिली एकटी कधीही देऊ नये, असे मी विद्यार्थिनीला सुचवेन.

३० च्या रेषेबद्दल मात्र मला आपल्याशी असहमत व्हावे लागते. ज्या एंडोक्राइन सोसायटीने ती रेषा २०११ मध्ये आखली, तिनेच २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० च्या लक्ष्याला दिलेला पाठिंबा काढून घेतला आणि निरोगी प्रौढांत ड ची पातळी सरसकट तपासू नये असेही सुचवले. दरम्यानच्या काळात अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २,००० युनिट देऊनही कर्करोग, हृदयविकार किंवा हाडे मोडण्याचे प्रमाण ठळकपणे कमी झाले नव्हते. हे लोक मुळात कमतरतेसाठी निवडलेले नव्हते, ही गोष्ट खरी, आणि आपल्यासमोरच्या १४ पातळीच्या, तक्रारी असलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करू नयेत, हेही मी मान्य करतो. तिला औषध देण्याला माझी हरकत नाही. पण अंगदुखीवर गुण आला की त्याचे श्रेय ३० या रेषेला देता येत नाही. मुळात १४ ही पातळी २० च्या रेषेनेही कमीच ठरते.

शिवाय अपाय क्वचित होत असला, तरी होतो. १५० नॅनोग्रॅमच्या वरच्या पातळ्या आणि चढलेले कॅल्शियम घेऊन येणारे रुग्ण बहुधा आठवड्याची पुडी रोज घेतलेले किंवा इंजेक्शने वारंवार टोचून घेतलेले असतात. संदर्भ-मर्यादेचे वरचे टोक म्हणूनच दुर्लक्षिण्यासारखे नाही, आणि पूरक औषधे न घेणाऱ्या निरोगी लोकांत ते आपल्याकडे नेमके कुठे येते, हे आपल्या विद्यार्थिनीच्या अभ्यासातून समजले तर मला आनंद होईल.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न: पदव्युत्तर_सोलापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सर, दोन्ही मर्यादा शेजारी देण्याची सूचना मी आराखड्यात घेतली आहे आणि कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, सीआरपी, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरक या चाचण्याही जोडल्या आहेत. आता दोन गोष्टी राहिल्या. नमुन्यांची संख्या किती असावी, कारण प्रत्येक चाचणीचा खर्च पाहता फार मोठी संख्या आम्हाला झेपणार नाही. आणि के जीवनसत्त्वाचे काय करावे? आमच्याकडे जुन्या तपासण्यांची मोठी आकडेवारी संगणकात आहे, तिचा उपयोग करून खर्च वाचवता येईल का?

उत्तर: संख्याशास्त्र_मुंबई

संख्येबद्दल लिहितो. अमेरिकेच्या क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूटच्या ईपी-२८ या मार्गदर्शिकेत प्रत्येक गटासाठी किमान १२० व्यक्ती सांगितल्या आहेत आणि तो आकडा हवेतून आलेला नाही. १२० आकडे चढत्या क्रमाने मांडले की खालून तिसरा आकडा २.५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली २.५ टक्के लोक येतात तो आकडा) आणि वरून तिसरा, म्हणजे ११८ वा, ९७.५ वा पर्सेंटाइल ठरतो. खालच्या मर्यादेचा ९० टक्के विश्वास-अंतराल (खरी मर्यादा ज्यात असावी असा पट्टा) पहिल्या ते सातव्या आकड्यापर्यंत पसरतो. यापेक्षा कमी व्यक्ती असतील, तर वितरणाचे कोणतेही गृहीतक न धरता हा अंतराल काढताच येत नाही. यातून दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी: १२० व्यक्ती घेऊनही आपली खालची मर्यादा प्रत्यक्षात तळाच्या मोजक्या माणसांवर उभी असते. त्यांच्यापैकी दोघांनी आदल्या आठवड्यातला आजार लपवला असेल, तर मर्यादाच सरकते.

स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगळ्या मर्यादा द्यायच्या असतील, तर प्रत्येकी १२० लागतील. रेटिनॉल पुरुषांत सहसा थोडे जास्त असते, त्यामुळे हा प्रश्न उद्भवणारच. ड चे वितरण उजवीकडे लांबलेले असते, म्हणजे थोड्या लोकांची पातळी फार वर असते. त्याचे लॉगरिदम घेऊन पाहावे. वेगळे पडलेले आकडे केवळ वेगळे पडले म्हणून काढून टाकू नयेत. प्रश्नावली उघडून कारण सापडले तरच काढावेत. ड साठी ऋतूही सांभाळावा लागेल. २५-हायड्रॉक्सी रूपाचा अर्धायुकाल दोन ते तीन आठवडे असल्यामुळे पावसाळ्यातील ढगांचा परिणाम लगेच न दिसता मागाहून दिसतो; सगळे नमुने ऑक्टोबरात घेतले तर तो परिणाम संपूर्ण मर्यादेत शिरेल. नमुने वर्षभरात विभागून घ्या.

खर्च परवडत नसेल, तर प्रामाणिक पर्याय असा आहे की नवी मर्यादा ठरवण्याऐवजी प्रचलित मर्यादा पडताळून पाहावी. निकषांत बसणाऱ्या २० व्यक्ती तपासाव्यात. छापील मर्यादेबाहेर दोघांहून अधिक गेले नाहीत, तर ती मर्यादा स्वीकारता येते. अ आणि ई साठी हे करून पाहण्यासारखे आहे. ड साठी नाही, कारण ३० ते १०० ही मर्यादा मुळात निरोगी लोकांच्या मोजमापातून आलेलीच नाही, तेव्हा या पद्धतीने ती पडताळण्यात अर्थ नाही.

संगणकातील जुनी आकडेवारी सोडियम-पोटॅशियमसाठी उपयोगी पडते, तिथे अप्रत्यक्ष पद्धती (जुन्या अहवालांतूनच निरोगी गटाचे आकडे वेगळे काढणाऱ्या) चांगल्या विकसित झाल्या आहेत. ड साठी ती फसवी आहे. त्या यादीतील अर्धी माणसे तक्रारीमुळे तपासायला आलेली आणि उरलेली औषध घेतल्यावर 'आता किती झाले' हे पाहायला आलेली असतात. निरोगी, औषध न घेणारा माणूस त्यात शोधूनही सापडणे कठीण.

आणखी एक सूचना. चार स्वतंत्र चाचण्यांच्या ९५ टक्के मर्यादा लावल्या, तर पूर्णपणे निरोगी व्यक्तीचीही किमान एक चाचणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे १८.५ टक्के असते. नमुना देणाऱ्यांना अहवाल देणार असाल, तर हे त्यांना आधीच समजावून सांगण्याची तरतूद संमतिपत्रात करावी.

उत्तर: विश्लेषक_नाशिक

के बद्दल माझे स्पष्ट मत: मुख्य अभ्यासातून वगळा. रक्तातील फायलोक्विनोन (के-१ रूप) साधारण ०.१ ते २.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे नोंदवले जाते, म्हणजे वरचे टोक खालच्याच्या वीसपटींहून मोठे. इतकी रुंद मर्यादा एखाद्या व्यक्तीबद्दल फारसे काही सांगत नाही. हा आकडा मुख्यतः आदल्या दिवसाचे जेवण दाखवतो. रात्री पालकाची किंवा मेथीची भाजी खाल्ली की सकाळी तो वर असतो. ट्रायग्लिसराइड वाढले की तोही वाढतो. शिवाय किण्वित पदार्थांतून आणि आतड्यातील जिवाणूंकडून येणारी के-२ रूपे या मोजमापात येतच नाहीत.

के चा समावेश करायचाच असेल, तर त्याचे काम नीट होते आहे का हे पाहावे. के कमी पडले की यकृत अर्धवट तयार झालेले प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्यास लागणारे प्रथिन) रक्तात सोडते. त्याला पिव्हका-२ म्हणतात आणि ते इम्युनोअ‍ॅसेने मोजता येते. नेहमीची प्रोथ्रॉम्बिन टाइम चाचणी इथे उपयोगी नाही, कारण प्रोथ्रॉम्बिन जवळपास निम्म्यावर येईपर्यंत ती सहसा बिघडलेली दिसत नाही. पिव्हका-२ यकृताच्या कर्करोगातही वाढते, पण यकृताचे विकार आपण आधीच वगळलेले आहेत. मार्गदर्शकांना के चे नाव शीर्षकात हवेच असेल, तर चाळीस-पन्नास व्यक्तींच्या उपगटात फायलोक्विनोन आणि पिव्हका-२ दोन्ही मोजा, फायलोक्विनोनची ट्रायग्लिसराइडशी सांगड घाला आणि त्या भागाला 'प्राथमिक निरीक्षणे' असे नाव द्या. संदर्भ-मर्यादा म्हणू नका. त्या उपगटातील प्रत्येकाकडून आदल्या रात्रीच्या जेवणाची लेखी नोंद घ्यावी आणि नळीवरचे फॉइल यंत्रापर्यंत उघडू नये.